संमतीची सही आणि ऊसतोड भगिनी



'वैद्यकीय सेवा आणि नीती' या विषयावर बोलण्यास आम्हाला सांगण्यात आले आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर व बँकेतील कारकून. परंतु कागद आणि सही यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. दवाखान्यातील नीतीचा प्रश्नही पुष्कळदा एका सहीपाशी येऊन थांबतो, म्हणून हे धाडस.

दिवाळीच्या सुमारास आपल्या होटगी परिसरातून उसाच्या गाड्या धावू लागतात. हा ऊस तोडणारे अनेक मजूर बीडसारख्या दुष्काळी भागातून येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीच्या दिवसांतही सुटका नाही. फडावर ना संडास, ना पुरेसे पाणी. मग अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट व कंबर दुखणे हे दुखणे मागे लागते.

अशा दुखण्यावर पुष्कळदा औषधोपचार पुरतो. परंतु अनेकींना कॅन्सरची भीती घालून गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला गेला. २०१९ साली हा प्रश्न गाजला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, तरी एवढा फरक योगायोगाचा म्हणता येत नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी अकाली कायमची जाते, हाडे ठिसूळ होतात, आणि तिशीतल्या बाईला म्हातारपण येते.

यात दोष कोणाचा? नफ्यासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा आहेच. पण केवळ त्याच्यावर बोट ठेवून भागणार नाही. बँक कर्ज देताना सोने, घर, जमीन तारण घेते. उचलीला असे तारण नसते. तेथे माणसाचे अंगच तारण पडते. खाडा परवडत नाही म्हणून बाई स्वतःच 'पिशवी काढून टाका' म्हणते. कागदावर तिची सही किंवा अंगठा असतो. त्या सहीला संमती म्हणावे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात याचे उत्तर दिले आहे. तपासणीपुरती संमती दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले होते. उपचार कोणता, त्यातील धोका कोणता, दुसरा मार्ग आहे काय, हे रुग्णाला समजावून घेतलेली संमतीच खरी, असे न्यायालयाने ठरविले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश सर्व राज्यांना दिला.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. स्त्रीच्या शरीराला लागणारी विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून तिचा हक्क आहे, हा विचार तेव्हापासून आपल्यापुढे आहे. गिरणीतील बाईला जे मिळाले, ते फडावरच्या बाईपर्यंत अजून पुरते पोचलेले नाही.

मग आपण काय करावे? विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही वाचू शकता, हे मोठे बळ आहे. घरातील वा वस्तीतील कोणा भगिनीला शस्त्रक्रिया सांगितली, तर तिच्याबरोबर जा. कागद तिला मराठीत वाचून दाखवा. आजार कोणता, औषधाने बरा होईल काय, बीजकोश ठेवणार की काढणार, हे विचारा. तातडीचा धोका नसेल तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. सोनोग्राफीचा रिपोर्ट व डिस्चार्जचा कागद मागून जपून ठेवा.

सभासद बंधूंनो, हंगामात आपल्या शिवारात कोपी टाकून राहणाऱ्या या भगिनींची महिन्यातून एकदा आरोग्य तपासणी व्हावी, यासाठी संस्थेने आरोग्य केंद्राकडे अर्ज करावा, अशी आमची सूचना आहे. अर्ज लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने करू.