लाइनवरचा मुलगा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि भाषण करण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा काही अधिकउणे झाले तर सांभाळून घ्यावे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरातला एखादा विषय घ्या." लोणची-पापडांवर माझ्यापेक्षा अधिकारी बायका समोर बसल्या आहेत. म्हणून मी माझ्या धाकट्या मुलाच्या धंद्याबद्दल चार शब्द सांगणार आहे. तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. त्याला नुकते दीड वर्ष झाले.

"मुलगा काय करतो?" असे कोणी विचारले आणि मी "लाइनवर असतो" म्हटले, की समोरची बाई जरा थांबते आणि मग म्हणते, "असू दे, काम ते काम." यात वाईट हेतू नसतो हे मी जाणते. पण ड्रायव्हर म्हणजे ज्याला दुसरे काही जमले नाही तो, असा जो समज आहे, तो मला पटत नाही. हे काम शिकायला किती लागते ते मी घरात बसून पाहिले आहे.

नुसते स्टेअरिंग हाती धरून ड्रायव्हर होता येत नाही. मालवाहू गाडीच्या परवान्याला वय वीस पुरे लागते, आणि त्याआधी हलक्या गाडीचा परवाना निदान वर्षभर जवळ असावा लागतो. डॉक्टरचा दाखला लागतो. परवाना पाच वर्षांचा, मग पुन्हा नवा करून घ्यायचा. २०१९ पर्यंत त्याला आठवी पास असण्याचीही अट होती, ती आता काढून टाकली आहे. म्हणजे कायद्याने पाहिले तर माझ्यासारख्या सातवीवालीलाही आता ट्रक चालवता येईल! हसू नका. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी या वकिलीचे शिक्षण घेतलेल्या बाई. पती गेल्यावर दोन लेकरांसाठी त्या ट्रकवर चढल्या आणि देशभर माल घेऊन फिरल्या. आमच्या चिरंजीवांनी त्यांची चित्रफीत मला मोबाइलवर दाखवली, तेव्हा मी ती दोनदा पाहिली.

परवाना मिळाला तरी कोणी लगेच गाडी देत नाही. वर्षभर तो एका उस्तादाबरोबर किन्नर म्हणून गेला. उस्ताद सांगली बाजूचे, साठीला आलेले. त्यांनी त्याला आधी टायर ठोकून हवा ओळखायला शिकवले, मग दोरखंड आवळून ताडपत्री बांधायला. गाडी हाती दिली ती बऱ्याच महिन्यांनी, आणि तीही सपाट रस्त्यावर. घाट सगळ्यांत शेवटी. उस्तादांचे म्हणणे असे, की ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात तो उतरायचा. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत. दहा चाकी गाडी मालासकट सुमारे २८ टनांची. ती मग कोणाच्या बापाचे ऐकत नाही.

हे मी येथे मुद्दाम सांगते, कारण कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आपल्या सगळ्यांच्या येण्याजाण्याचा आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तेथे एका जड गाडीने लागोपाठ किती गाड्या चिरडल्या ते आपण वाचले. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा तसेच झाले, त्यात आग लागून माणसे गेली. दोन्ही वेळेला आमच्या घरी कोणाच्या तोंडात घास गेला नाही. मुलाने ही लाइन धरण्याआधीपासून तो उतार माझ्या मनात आहे, आता जास्तच.

पण उस्ताद मला म्हणाले, "मावशी, घाटात माणूस जागा असतो. भीती सपाट रस्त्याची." पहाटे दोन ते पाच या वेळेत झोप कोणालाच सोडत नाही. ताशी ६० च्या वेगाने गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे किती, ते ज्याचे त्याने मोजावे. हल्ली पुष्कळ मालक किन्नरही देत नाहीत. शेजारी बोलायला माणूस नाही, आणि पोराने एकट्याने रात्र काढायची.

कायद्याने याचा विचार केला नाही असे नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा लिहिला होता. नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या श्रमसंहितेत गेला. नव्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला १ ऑक्टोबर २०२५ पासून वातानुकूलन सक्तीचे झाले, हेही चांगले झाले. पण रस्त्यावर रात्री दोन वाजता कायदा नसतो, तेथे मालकाचा फोन असतो.

गेल्या पावसाळ्यात चाकणहून चेन्नईला सुटे भाग घेऊन तो निघाला होता. अंतर अकराशे किलोमीटरच्या वर. मालाबरोबर जे ई-वे बिल असते त्याला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे कागदाने सहा दिवस दिले होते. मालकाने तीन दिले. दुसऱ्या रात्री कर्नाटकात डोळे मिटू लागले तेव्हा त्याने एका पंपावर गाडी लावली, मालकाला तसे कळवले आणि चार तास झोपला. माल अर्धा दिवस उशिरा पोचला. मालकाने त्या खेपेचा भत्ता कापला आणि वर दहा माणसांत बोलला.

घरी आल्यावर तो गप्प होता. आमचे हे फार बोलणारे नाहीत, पण त्या रात्री ताटावर बसून एवढेच म्हणाले, "बरे केलेस." महिनाअखेर त्याने ते काम सोडले. पंधरा दिवस घरी होता. त्या पंधरा दिवसांत मला कितीजणींनी विचारले, "सोडली का गाडी? आता दुसरे काही बघा." आता तो ज्यांच्याकडे आहे ते लांबच्या खेपेला दोन माणसे देतात. पगार दोन हजारांनी कमी आहे. तो आम्हाला चालतो.

आमच्या घरात आम्ही दोन नियम केले आहेत. गाडी चालू असताना त्याला कोणी फोन करायचा नाही. गाडी लावली की तो आपणहून करतो. आणि "कधी पोचणार?" हा प्रश्न घरच्या कोणी विचारायचा नाही, मग घरी सत्यनारायण असो की साखरपुडा. मामेबहिणीच्या लग्नाला तो पोचला नाही. माझी भावजय अजून बोलते. बोलू दे.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला, तेव्हा पंपावर आपल्या रांगा लागल्या होत्या हे आठवत असेल. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षे शिक्षा, या नव्या कलमावरून तो झाला. १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला, पण ते पोटकलम तेवढे बाजूला ठेवले. पळून जाऊ नये हे माझेही मत आहे, मी मुलाला तसेच सांगितले आहे. मात्र जमावाच्या हाती सापडलेल्या ड्रायव्हरचे काय होते, तेही आपण सगळ्यांनी पाहिले आहे. यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

मंडळाला एक विनंती आहे. आपण दरवर्षी डोळे तपासणीचे शिबिर घेतो. यंदा ते रविवारी ठेवावे आणि वस्तीतल्या ड्रायव्हर लोकांना आवर्जून बोलवावे. टेम्पो, रिक्षा, स्कूलबस, ट्रक मिळून आपल्या तीन गल्ल्यांत असे चौदाजण आहेत. मी मोजले आहेत.

शेवटी, ज्यांचे कोणी लाइनवर आहे त्यांच्यासाठी दशम्यांचे सांगते. परवा दोघींनी विचारले होते. दोन वाट्या कणकेला चमचाभर तेलाचे मोहन, चवीपुरते मीठ, आणि भिजवायची ती नुसत्या दुधात. पाण्याचा थेंब नको. भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. बरोबर शेंगदाण्याची चटणी द्यावी. दोन दिवस मऊ राहतात. उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायला सांगावे.