आपण किती? आकड्यांच्या शोधाविषयी काही

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात बारामती येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गतवर्षीच्या स्मरणिकेत आम्ही लिहिले होते की, बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून आपल्या समाजाची संख्या ‘किमान पाऊण लाख’ आहे. वाक्य छापून झाले, आपण ते वाचले, कोणी शंका घेतली नाही. पुढे वसतिगृहाच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा हाच आकडा आम्ही त्यात घातला. अर्ज परत आला. समासात एकच ओळ होती : आकड्यास आधार काय? कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आदल्या वर्षीच्या स्मरणिकेत होता म्हणून आम्ही तो घेतला होता. आणि त्याच्या आधीच्या कोणा कार्यवाहाने तो एका मोठ्या लग्नातील गर्दीवरून बांधला होता, असे आता वडीलधारी मंडळी सांगतात.

त्याच सुमारास इंदापूरकडील आपलीच एक मुलगी आमच्याकडे आली. पुण्यास एम. ए. करते, मुलींच्या शिक्षणावर प्रबंध लिहिते आहे. ती म्हणाली, “काका, हा पाऊण लाखाचा आकडा मी तळटिपेत कसा लिहू?” कचेरीने विचारले तेव्हा राग आला होता, हिने विचारले तेव्हा लाज वाटली. साधा ताळा घेतला असता तरी पुरे होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बारामती तालुक्याची वस्ती सुमारे ४ लाख ३० हजार व इंदापूरची सुमारे ३ लाख ८३ हजार. पाऊण लाख म्हणजे या मुलखातील दर अकरा माणसांमागे एक आपला! आपापल्या गावची आळी डोळ्यांपुढे आणा आणि हे पटते का, ते पाहा.

आकडे आणि आपला मुलूख यांचा संबंध जुना आहे. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी व प्रतवारी करून निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबाने सारा ठरवला. शास्त्र मोठे सुबक होते. परंतु खालच्या कारकुनीतून वर गेलेले आकडेच खोटे आणि घोटाळ्याचे निघाले. रयतेने जमिनी टाकल्या. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात नव्याने मोजणी सुरू केली आणि तीस वर्षांचा सारा बांधून दिला. पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात जी पद्धत चालली, तिचा पहिला धडा आपल्या इंदापुरात गिरवला गेला. ती तीस वर्षे सरली, तेव्हा १८६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे व धान्याचे भाव चढले होते, तोच काळ हिशेबास धरला गेला. पुढे भाव उतरले, सारा मात्र चढाच राहिला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होते. आकडा कोणत्या सालचा, हे न विचारता घेतला म्हणजे काय होते, ते सुप्याच्या माणसास आम्ही शिकवावे असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जातवार शिरगणतीची पूर्ण कोष्टके छापली गेली ती १९३१ ची शेवटची. मुंबई इलाख्याचा तो खंड पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात पाहावयास सापडतो. जनगणना खात्याच्या संकेतस्थळावरील जुन्या ग्रंथांच्या दालनातही जुने खंड घरबसल्या विनामूल्य उघडता येतात. आम्ही तो उघडला. जातवार कोष्टक जिल्ह्यापुरते आहे, तालुक्याचे नाही. शिवाय जुन्या कागदांत बारामतीकडील गावे ‘भीमथडी’ तालुक्यात आहेत, हे ठाऊक नसेल तर माणूस दोन दिवस बारामती शोधीत बसतो. आम्ही बसलो होतो.

आणखी एक अडचण आपली आपणच करून ठेवलेली आहे. १९०१ च्या गणतीत जातींची उच्चनीच प्रतवारी लावण्याचा उद्योग झाला, आणि तेव्हापासून गावोगावच्या ज्ञातिसंस्था ‘आम्हांस अमुक नावाने नोंदवा’ असे अर्ज धाडू लागल्या. त्यामुळे एका गणतीतील नाव दुसरीत सापडत नाही आणि दोन सालांची तुलना लटकी पडते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीत तर लोकांनी सांगितलेली जातीची नावे, पोटजाती, आडनावे, निरनिराळी लेखने असे सर्व मिळून सुमारे ४६ लाख प्रकार जमले. ती जातवार माहिती प्रसिद्ध झालीच नाही. १९५१ पासून २०११ पर्यंतच्या जनगणनांत केवळ अनुसूचित जाती व जमाती यांचीच वेगळी मोजदाद झाली. मंडल आयोगासही १९३१ च्याच पायावर अंदाज बांधावा लागला. (२०१९ च्या पशुगणनेत म्हैस मुऱ्हा की पंढरपुरी, याची नोंद झाली. याचा हेवा करावा की नाही, हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही.)

हे सारे कोरडे वाटेल, म्हणून त्याचा चटका कोठे बसतो ते सांगतो. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांविषयी निकाल देताना प्रत्यक्ष पाहणीतून गोळा केलेल्या माहितीचा आग्रह धरला. ती हाताशी नव्हती. पुढे २०२२ मध्ये बांठिया आयोगाचे काम चालू असता आडनावांवरून जात ओळखण्याच्या रीतीवर सर्व बाजूंनी टीका झाली, आणि ती रास्त होती. पवार, शिंदे, जाधव ही आडनावे किती जातींत आहेत, हे निमगाव केतकीच्या बाजारात उभा राहिलेला कोणीही सांगेल.

तेव्हा विद्यार्थ्याने जावे कोठे? ‘आपले किती’ हे कोठेच तयार मिळणार नाही, पण ‘आपण राहतो तेथील स्थिती काय’ हे पुष्कळ मिळते, आणि अर्जास बहुधा तेच पुरते. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय वस्ती, साक्षरता, काम करणाऱ्यांची वर्गवारी, शाळा व दवाखान्याची सोय हे सर्व आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ तर मराठीतच निघते आणि त्यात तालुकावार कोष्टके असतात. इतके उपयुक्त आणि इतके न वाचलेले पुस्तक दुसरे आम्ही पाहिले नाही. शाळांची माहिती यू-डायसमध्ये, जमीनधारणेची कृषिगणनेत. राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ घरनिहाय माहितीदेखील, नावे काढून, सांख्यिकी मंत्रालयाकडे नाव नोंदविल्यास विनामूल्य मिळते. पण तिच्यातून तालुक्याचा निष्कर्ष काढू नये, नमुना तेवढा मोठा नसतो. कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्यापर्यंत येते. तिची छापील कोष्टके अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास व अन्य एवढ्याच वर्गांची असतात. जे प्रसिद्ध नाही पण कचेरीत आहे, त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे : दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. मात्र ‘आमच्या समाजाची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज करू नये. कोणते नोंदपुस्तक, कोणते गाव, कोणते साल, हे लिहावे.

भीमाकाठच्या मंडळींसाठी एक सावधगिरी. उजनीचे पाणी १९८० च्या सुमारास अडले आणि पळसदेवसारखी गावे उठून दुसरीकडे बसली. १९७१ व १९८१ च्या गावनिहाय आकड्यांची तुलना तेथे सरळ करता येत नाही. वस्ती घटलेली दिसली तर ती माणसे मेली नाहीत, हलली आहेत. बारामती शहराची हद्दही २०११ नंतर वाढली. तेव्हा शहराचा आकडा जुन्या हद्दीचा की नव्या, हे आधी पाहावे.

राहिली आपली स्वतःची कुटुंब-नोंदणी. तिची आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते. गेल्या खेपेचे अर्ज आम्ही मेळाव्यात आणि लग्नसराईत भरून घेतले. त्या मुलीने ते चाळले आणि सांगितले की, या अर्जांप्रमाणे आपल्यात शाळा सोडलेली मुलगी जवळजवळ नाहीच. आम्ही आनंदलो. ती हसली नाही. मेळाव्यास कोण येते? ज्याला गाडीभाडे परवडते तो. लासुर्ण्याच्या पुढे वस्तीवर राहून दुसऱ्याच्या उसात राबणारे कुटुंब आले नव्हते. माहेरी परतलेली विधवा बहीण आली नव्हती. तिच्या भावाने अर्जात तिचे नाव घातले नव्हते. अर्ज ज्यांचे नव्हते, त्यांच्याच मुलींसाठी वसतिगृह मागावयाचे होते.

म्हणून या वर्षी घरोघर जावयाचे ठरले आहे. सणसर, भिगवण, बावडा, सुपे, मोरगाव, माळेगाव ही गावे प्रथम. अर्ज एक पानाचा आहे. जो सांगणार नाही त्याच्यावर सक्ती नाही, पण ते घर ‘माहिती दिली नाही’ म्हणून मोजले जाईल, गाळले जाणार नाही. नावे व दूरध्वनी क्रमांक कपाटात राहतील. स्मरणिकेत केवळ बेरजा छापू. प्रत्येक बेरजेखाली ती कोणत्या महिन्यात, किती घरांतून, कोणी केली हे लिहिले जाईल. ‘पाऊण लाख’ या वर्षीच्या स्मरणिकेतून आम्ही काढून टाकले आहे. त्या जागी सध्या काहीही नाही.

येत्या जनगणनेत जातीची नोंद होईल, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, आणि जून २०२५ च्या अधिसूचनेत तिची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरविली. प्रगणकास नाव सांगताना सर्वांनी एकच नाव, एकाच लेखनाने सांगावे, एवढे कार्यकारिणीने सुचविले आहे. शिक्षण, जमीन, घर यांविषयी काय सांगावे, हे मात्र कोणी कोणास पढवू नये. काही मंडळींचा आग्रह होता की गरिबी थोडी वाढवून सांगावी. आम्ही त्यास विरोध केला. प्रिंगलच्या कारकुनांची गोष्ट त्याच बैठकीत प्रथम सांगितली होती.

घरोघर जाण्यास प्रत्येक गावी दोन स्वयंसेवक हवेत, त्यांतील एक स्त्री असावी. मंडपाच्या दाराशी वही ठेवली आहे. जेवणापूर्वी नावे द्यावीत. इंदापूर तालुक्याचे पान अद्याप बरेच कोरे आहे.