घर कुटुंबाचं, जमीन सर्वांची



विषय परवडणाऱ्या घरांचा असला तरी सुरुवात मी पेण तालुक्यातल्या गागोद्यापासून करतो. विनोबांचा जन्म तिथला. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना शंभर एकरांचं पहिलं भूदान मिळालं, हे आपण शाळेत शिकलो. त्यातून पुढे ग्रामदान निघालं. जमिनीची मालकी ग्रामसभेकडे, कसण्याचा हक्क शेतकऱ्याकडे आणि त्याच्यामागे वारसांकडे, पण गावाबाहेरच्या माणसाला ती विकता येणार नाही, अशी ती व्यवस्था.

हा विचार समुद्रापार गेला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतमजुरांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं, की मालक त्यांना राहत्या खोपटातून बाहेर काढत. डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या हाती असेल तर मताचा हक्कही आपला राहत नाही, हे तिथल्या नागरी हक्क चळवळीतल्या चार्ल्स आणि शर्ली शेरॉड यांनी ओळखलं. त्यांचे सहकारी बॉब स्वान यांनी ग्रामदानाचा अभ्यास केला होता. 1969 मध्ये या मंडळींनी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाचा सामुदायिक भू-न्यास उभारला. सुमारे 5,700 एकर जमीन त्यांनी घेतली. पुढे दुष्काळ पडला, सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही आणि 1985 मध्ये जमीन हातची गेली. कर्ज देताना झालेल्या भेदभावाबद्दल 2009 मध्ये त्यांना 1 कोटी 20 लाख डॉलरची भरपाई मिळाली. जमीन गेली, पण कल्पना टिकली.

ती शहरात रुजली व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला. 1984 मध्ये बर्नी सँडर्स महापौर असताना नगरपालिकेने 2 लाख डॉलरचं बीजभांडवल दिलं आणि तिथे भू-न्यास सुरू झाला. आज तो ‘शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट’ म्हणून ओळखला जातो. तिथे घर विकत घेता येतं, जमीन मात्र न्यासाची राहते.

याचा हिशेब फळ्यावर मांडतो. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. घराची बाजारातली किंमत 2 लाख डॉलर. न्यासाने 40,000 घातले, कुटुंबाने 1,60,000 कर्ज काढून आणि पदरचे घालून भरले. काही वर्षांनी घर 3 लाखांचं झालं, म्हणजे वाढ 1 लाखाची. त्या वाढीतला चौथा हिस्सा, 25,000, कुटुंबाचा. घर विकताना कुटुंबाला मिळतात 1,85,000 आणि घरात स्वतः केलेल्या सुधारणांचा मोबदला वेगळा. त्यातून उरलेलं कर्ज फेडायचं, बाकी रक्कम हातात. पुढच्या कुटुंबालाही ते घर बाजारातल्या 3 लाखांऐवजी 1,85,000 च्या आसपास मिळतं. न्यासाने 40,000 एकदाच घातले, घर पिढ्यान्‌पिढ्या परवडणारं राहिलं.

कुणी विचारेल, ‘यात विकणाऱ्याचं नुकसान नाही का?’ बाजारातल्याइतका फायदा त्याला होत नाही, हे खरं. पण बाजाराने त्याला दारातसुद्धा उभं केलं नसतं. भाड्यात गेलेला पैसा परत येत नाही. इथे फेडलेलं मुद्दल त्याचंच राहतं, वर वाढीतला वाटा मिळतो, आणि मुलांची शाळा दर अकरा महिन्यांनी बदलावी लागत नाही.

भागीदारीचा दुसरा मार्ग इंग्लंडने धरला. 2013 ते 2023 या काळात ‘हेल्प टू बाय’ योजनेत खरेदीदाराने 5 टक्के आणायचे, नव्या घराच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत सरकारने द्यायचे. लंडनमध्ये 2016 पासून 40 टक्क्यांपर्यंत. घर विकलं की सरकार त्याच प्रमाणात आपला हिस्सा घेणार. हिशेब चोख आहे. पण घर पुन्हा पूर्ण बाजारभावाने विकलं जातं, आणि पुढच्या कुटुंबाची अडचण जिथल्या तिथे राहते. शिवाय साधारण पाचातले तीन खरेदीदार योजनेशिवायही घर घेऊ शकले असते, असं तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2019 मध्ये नोंदवलं.

आता आपल्याकडे पाहू. जमीन सोसायटीची आणि सदनिका सभासदाची, हे सहकारी सोसायटीतल्या आपल्या अनेकांना अंगवळणी पडलेलं आहे. पण सदनिका विकताना किमतीतली वाढ सगळी विकणाऱ्याची. सोसायटीला हस्तांतरण शुल्क मिळतं ते जास्तीत जास्त 25,000 रुपये. म्हाडाच्या सोडतीत लागलेलं घरसुद्धा पाच वर्षांनी बाजारभावाने विकता येतं. म्हणजे सार्वजनिक जमिनीतून दिलेली सवलत एका कुटुंबाला मिळते आणि तिथेच संपते. त्याच सोडतीत नाव न लागलेल्या हजारोंसाठी पुन्हा नवी जमीन शोधावी लागते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. सार्वजनिक जमिनीवर यापुढे जी परवडणारी घरं बांधली जातील, त्यातली काही तरी अशा न्यासाकडे द्या. भाडेपट्ट्यातच पुनर्विक्रीचं सूत्र लिहा. न्यासाच्या मंडळावर तिथले रहिवासी घ्या.

फळ्यावरचा 1,85,000 हा आकडा मी मुद्दामच पुसत नाही. जे कुटुंब अजून त्या घराच्या दारात पोचलेलंही नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलेला तो आकडा आहे. जमीन सर्वांची आहे, हे विनोबा गावोगाव चालत सांगत होते. आपल्या शहरांनी ते आता ऐकावं.