न दिसणाऱ्या ग्राहकाशी सचोटी



इंटरनेटवर वस्त्रविक्री करून चरितार्थ चालवू इच्छिणाऱ्या तरुणास भांडवलाहून शीलाची गरज अधिक आहे. पेढीवर ग्राहक कापडाचा पोत बोटांनी पारखतो. तेथे त्याच्यापुढे केवळ छायाचित्र असते. म्हणून पॉलिस्टरला रेशीम म्हणण्याचा मोह आवरणे, हा पहिला गुण. नकली वस्तू अस्सल म्हणून विकणे, हा ‘प्रतिरूपक व्यवहार’ तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. विक्रेत्याने ग्राहक बनून खोटे अभिप्राय लिहू नयेत, असे २०२० चे ई-कॉमर्स नियमही सांगतात. दुसरा गुण क्षमाभाव : वर्णनाशी न जुळणारा माल त्याने विनातक्रार परत घ्यावा. तिसरा धैर्य, कारण विश्वास जोडण्यास वर्षे लागतात.

न पाहता मूल्य देणाऱ्याची फसवणूक सोपी असते. म्हणूनच ती टाळण्यात व्रताची कसोटी आहे. जय जिनेंद्र!