प्रौढ विद्यार्थ्याचे परीक्षाभय



 आपल्या रात्रशाळांच्या वर्गांत रोज संध्याकाळी येऊन बसणाऱ्या आणि तरीही आपल्या वार्षिक अहवालांत क्वचितच नोंद होणाऱ्या एका दुःखाविषयी बोलण्याची अनुज्ञा मी मागतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि १९११ साली स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. त्या पूर्वसूरींमुळे दिवसभर राबणाऱ्या माणसाला विद्येचे दार उघडले खरे, पण आत आलेला हाच माणूस परीक्षेचे दिवस जवळ आले की एकाएकी गैरहजर राहू लागतो, आणि आपण हजेरीपटावर त्याच्या नावापुढे फुली मारून मोकळे होतो.

माझ्या वर्गात किराणा दुकानातील एक नोकर होता. उधारीचे व्याज, मालावरील सूट, शेकडा नफा यांचा हिशेब तो गिऱ्हाईक समोर उभे असताना तोंडी करीत असे. परंतु तेच उदाहरण छापील प्रश्नपत्रिकेत समोर आले की त्याच्या तळहाताला घाम सुटे, लेखणी बोटांत आवळली जाई आणि पहिली ओळ खोडण्यातच त्याचा अर्धा तास जाई. या माणसाला गणित येत नव्हते असे कोण म्हणेल? भय होते ते लाजेचे. त्याचा मुलगा त्याच वर्षी दहावीला बसला होता, आणि दोघांचा निकाल एकाच दिवशी लागणार होता. लहान मूल नापास झाले तर घर त्याची समजूत घालते; कर्त्या माणसाची समजूत घालणारे घरात कोणी नसते.

या भयाचा शास्त्रीय विचार नवा नाही. मानसशास्त्रज्ञ मँडलर आणि सॅरासन यांनी १९५२ साली त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढे १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी त्यात शरीराचा क्षोभ आणि मनाची चिंता असे दोन घटक वेगळे करून दाखविले. छातीची धडधड पहिल्या काही मिनिटांत बहुधा ओसरते, सावकाश सोडलेल्या श्वासाने ती आणखी लवकर शमते. परंतु ‘आता लोक काय म्हणतील’ हा विचार मात्र उदाहरण सोडविण्यासाठी लागणारी स्मरणाची तोकडी जागाच अडवून बसतो. म्हणूनच ‘घाबरू नका’ एवढ्या उपदेशाने काहीही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भय ओसरते ते परिचयाने. आपला विद्यार्थी रात्री शिकतो आणि परीक्षा देतो सकाळी अकरा वाजता, परक्या इमारतीत, अनोळखी पर्यवेक्षकासमोर. हॉलतिकीट, आसनक्रमांक, बारकोड, पुरवणी हे सारे त्याला नवखे असते, आणि ज्या हाताला दिवसभर हातगाडीची किंवा शिवणयंत्राची सवय, त्या हाताला सलग तीन तास लिहिणे हीच एक स्वतंत्र मेहनत असते. यासाठी पुस्तक मिटवून आठवेल ते लिहून काढण्याचा सराव दिवाळीपासूनच सुरू झाला पाहिजे. नुसत्या वाचनाने आपल्याला येते असा भ्रम तेवढा होतो. मालकाकडे रजेचा अर्ज मुदतीत जावा, त्यासोबत शाळेचा दाखला जोडलेला असावा, ही तजवीजही शिक्षकानेच करावी, कारण रजेची धास्ती अभ्यासाच्या धास्तीहून कमी नसते. निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा असते, ही साधी गोष्टसुद्धा अनेकांना कोणी सांगितलेली नसते. ज्याची झोप आणि अन्न दोन्ही तुटले आहे, त्याला मात्र विनाविलंब वैद्याकडे पाठवावे. तेथे आपली विद्या पुरी पडणारी नाही.

माझी या अधिवेशनाला एकच शिफारस आहे. प्रत्येक रात्रशाळेने जानेवारीतील एका रविवारी, सकाळी अकरा वाजता, शेजारच्या दिवसशाळेच्या इमारतीत, दुसऱ्या शाळेचे शिक्षक पर्यवेक्षक म्हणून बोलावून पूर्ण वेळेची सराव परीक्षा घ्यावी आणि तिचे गुण विद्यार्थ्याखेरीज कोणालाही कळवू नयेत, असा ठराव आपण आजच्या बैठकीत मंजूर करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.