शीळ घालणारा आणि उलटं लटकणारी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पक्ष्यांवर बोलायला सांगितलंय. पण पक्ष्याबरोबर आज मी एका बदनाम प्राण्यालाही घेऊन आलोय.

पक्षी म्हणजे शीळकरी कस्तूर. मुरबाडकरांनी माळशेजला, शहापूरकरांनी माहुलीला पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी त्याची शीळ ऐकली असेल. अगदी माणसासारखी, चाल मध्येच विसरल्यासारखी. इंग्रजीत त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा' म्हणतात. आपल्या वर्गातले असे चौघे आज पहिल्या रांगेत बसलेत!

दुसरं, शाळेमागच्या वडावरचं मोठं वटवाघूळ. त्याला आपण आंधळं आणि अशुभ समजायचो. कीटक खाणारी छोटी वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. हे मोठं मात्र डोळ्यांनी बघतं, नाकानं फळ हुडकतं. कस्तुराचा पंख पिसांचा, याचा बोटांवर ताणलेल्या कातडीचा. कस्तूर अंडी घालतो. वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते आणि त्याला दूध पाजते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आठवीत, वार्षिक परीक्षेआधी, मी बेचकीनं एक मादी पाडली. छातीला पिल्लू बिलगलेलं होतं. सर आले. मला वाटलं, आता छडी. त्यांनी काठीनं तिचा पंख पसरला आणि एवढंच म्हणाले, "बोटं मोज." मी मोजली. पाच. अंगठासुद्धा होता. पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. बेचकी मी परत हातात धरली नाही.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंही फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदरांबरोबर उपद्रवी ठरवलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. पण आपल्याकडचा मोह त्यांना आधीपासून ओळखतो. रात्री ती मोहाची फुलं खातात, पराग या झाडावरून त्या झाडावर नेतात. फळं दूर नेऊन खातात, बिया तिथे टाकतात. ज्या मोहावर आपल्या कातकरी, ठाकर सोबत्यांच्या घरचा उन्हाळा निघायचा, त्याच्या रुजण्यात या बदनाम प्राण्याचा वाटा आहे.

कस्तुराला वाचवा म्हणून भाषण करावं लागत नाही. त्याचा गळाच त्याची वकिली करतो. वटवाघळाला गळा नाही, म्हणून मी बोलतोय.

सकाळी नव्या सभागृहाचा नकाशा पाहिला. त्यात वडाच्या जागी जिना आहे. माझी वर्गणी पक्की धरा. फक्त जिना दुसऱ्या बाजूला घ्या. सर, एवढं तरी मी त्या पाच बोटांचं देणं लागतो.