बिनतारी संजालातील पर्यायी व्यवस्था



भारत सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा मोठा भाग खुला केला. त्यामुळे कार्यालये, गोदामे व कारखान्यांत वाय-फायचा प्रसार झाला. आज गोदामातील मालाची नोंद कामगाराच्या हातातील स्कॅनर बिनतारी संजालाद्वारे करतो. हे संजाल खंडित झाले की माल हलत नाही आणि मालमोटारी फाटकाशी खोळंबतात. म्हणूनच पर्यायी व्यवस्थेचा विचार आवश्यक ठरतो.

हा विचार आकड्यांतून स्पष्ट होतो. एखादा ॲक्सेस पॉइंट ९९ टक्के वेळ कार्यरत राहतो असे मानले, तरी वर्षातील ८,७६० तासांपैकी सुमारे ८८ तास तो बंद असेल. त्याच क्षेत्रासाठी परस्परांपासून स्वतंत्र असे दोन ॲक्सेस पॉइंट ठेवल्यास दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०१ टक्का, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे, एवढीच उरते. मात्र या गणितातील कळीचा शब्द ‘स्वतंत्र’ हा आहे. दोन्ही उपकरणे ९९ टक्के विश्वासार्हतेच्या एकाच स्विचला जोडलेली असतील, तर खंडित काळ पुन्हा ८८ तासांच्या घरात जातो. अनेक ॲक्सेस पॉइंटना वीजही स्विचकडून, माहितीच्याच तारेतून मिळते. स्विच बंद पडताच दोन्ही उपकरणे एकदमच बंद होतात. याचा अर्थ, केवळ उपकरणांची संख्या वाढविल्याने सुरक्षितता वाढत नाही. सामाईक दुवे शोधून ते दूर करावे लागतात.

यासाठी शेजारचे ॲक्सेस पॉइंट वेगवेगळ्या स्विचना, आणि ते स्विच स्वतंत्र वीजपुरवठ्याला जोडावेत. सर्वांवर संजालाचे नाव व सुरक्षा-पद्धती एकच असावी, म्हणजे वापरकर्त्याचे यंत्र आपोआप दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटकडे वळू शकते. चॅनेल मात्र भिन्न हवेत. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये लगतच्या चॅनेलांत ५ मेगाहर्ट्‌झचेच अंतर असते आणि संकेत सुमारे २० मेगाहर्ट्‌झ रुंद असतो. म्हणून १, ६ व ११ हे चॅनेल निवडण्याची प्रथा आहे.

क्षमतेचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. चार ॲक्सेस पॉइंटवर १२० यंत्रे समप्रमाणात विभागलेली असतील, तर प्रत्येकावर ३० यंत्रांचा भार पडतो. एक बंद पडल्यास उरलेल्या तिघांवर तो प्रत्येकी ४० होतो. तेव्हा नियोजन ४० यंत्रांचे हवे. शिवाय, बंद पडलेल्या ॲक्सेस पॉइंटच्या क्षेत्रापर्यंत शेजाऱ्यांचा संकेत पुरेशा तीव्रतेने पोहोचला पाहिजे.

वापरकर्त्यांची ओळख पडताळणारा सर्व्हर, यंत्रांना पत्ते देणारी सेवा, नियंत्रक आणि इंटरनेटची जोडणी यांनाही पर्याय लागतो. ओळख पडताळणारा एकमेव सर्व्हर बंद पडला, तर सर्व ॲक्सेस पॉइंट सुरू असूनही नव्याने कोणालाही प्रवेश मिळत नाही.

अखेरीस, ही व्यवस्था कागदावर पूर्ण होत नाही. कामाची गर्दी नसताना, पूर्वसूचना देऊन, एकेक ॲक्सेस पॉइंट आणि एकेक स्विच मुद्दाम बंद करावा. कोणते काम थांबते ते नोंदवावे. ज्या दुव्यापाशी काम थांबते, तेथेच पुढील खर्च करणे श्रेयस्कर ठरते.